बर्डीतलं ‘कॉम्प्युटर फास्ट करून देतो’ पॅकेज: कशाला पैसे द्यावेत, कशाला नाही

नागपूरच्या सीताबर्डीतल्या कॉम्प्युटरच्या दुकानात जुना डेस्कटॉप किंवा लॅपटॉप नेऊन ‘फार स्लो झाला जी’ म्हटलं की समोरून ठरलेलं उत्तर येतं: एसएसडी टाकू, रॅम वाढवू, नवीन विंडोज मारू, संध्याकाळी घेऊन जा. धंतोलीत विचारा, महालात विचारा, मानेवाड्यात विचारा, शब्द थोडेफार हेच. हे परीक्षण कुठल्या एका दुकानाचं नाही, या पॅकेजचं आहे.

निकाल आधी सांगून टाकतो. हार्ड डिस्कवर चालणाऱ्या, पण फारच जुन्या नसलेल्या मशीनला एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी बसणारी, फिरतं काही नसलेली जलद ड्राइव्ह) डोळे मिटून घ्यावी. रॅम मोजून घ्यावी. विंडोज टाकून घ्यायचं ते परवाना अस्सल असेल तरच. सोबत चिकटवले जाणारे ‘पीसी क्लीनर’, ‘ड्रायव्हर अपडेटर’ आणि वर्षभराचा जादा अँटीव्हायरस फुकट दिला तरी नको. आणि नागपुरात जे सगळ्यात आधी करायला हवं, ती धुळीची सफाई आणि थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता कूलरकडे नेणारा लेप), ते या पॅकेजात बहुधा नसतंच. ते आपण मागून घ्यायचं. पॅकेज वाईट नाही. ते न तपासता सगळ्यांना एकाच मापाचं विकलं जातं, ही त्याची खोट आहे.

दुकानात जाण्याआधी घरी काय बघायचं

कॉम्प्युटर सुरू करून दहा मिनिटं हात लावू नका. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि परफॉर्मन्स टॅबवर जा. डाव्या बाजूला सीपीयू, मेमरी, डिस्क असे आलेख दिसतील. काहीही उघडलेलं नसताना डिस्क ९० ते १०० टक्क्यांवर अडकलेली आहे, खाली ‘ॲव्हरेज रिस्पॉन्स टाइम’ शेकडो मिलिसेकंद दाखवतोय आणि सीपीयू मात्र १०-१५ टक्क्यांवर निवांत आहे, तर दोष हार्ड डिस्कचा. मेमरी ८५ टक्क्यांच्या वर असेल तर रॅम कमी पडतेय. सीपीयूच भरलेला असेल तर प्रोसेसेस टॅबवर जाऊन कोण खातंय ते बघा. बरेचदा विंडोज अपडेट किंवा डिफेंडरचं (विंडोजच्या स्वतःच्या अँटीव्हायरसचं) स्कॅन चालू असतं आणि मशीन तासभर सुरू ठेवलं की ते आपोआप निवळतं. महिन्यातून एकदा उघडल्या जाणाऱ्या घरच्या पीसीची निम्मी तक्रार एवढीच असते. चार आठवड्यांची अपडेट त्या एका संध्याकाळी उतरतात, आणि पेन्शनचा फॉर्म भरायला बसलेले काका वैतागून पीसी बंद करतात. मग पुढच्या वेळी तेच पुन्हा पहिल्यापासून.

त्याच टॅबवर सीपीयूचा ‘स्पीड’ आकडाही बघा. काम करताना तो अर्धा-पाऊण गिगाहर्ट्झच्या वर सरकतच नसेल तर एसएसडी टाकूनही काही होणार नाही. मशीन तापून स्वतःला आवरतंय, किंवा लॅपटॉपला आपला ॲडॉप्टर ओळखू येत नाहीये. बाजारातला स्वस्तातला ॲडॉप्टर लावल्यावर काही लॅपटॉप मुद्दाम वेग पाडून चालतात. इथे दुखणं ॲडॉप्टरचं असतं आणि बिल एसएसडीचं फाटतं.

दुसरं साधन क्रिस्टलडिस्कइन्फो. फुकट आहे, दोन मिनिटांत डिस्कची तब्येत सांगतं. यादीतल्या ०५, सी५ आणि सी६ या तीन ओळी बघायच्या: जागा बदलून दिलेले सेक्टर, अडकलेले सेक्टर आणि दुरुस्त न झालेले सेक्टर. रॉ व्हॅल्यूच्या रकान्यात शून्यांशिवाय काही असेल आणि ते वाढत असेल तर डिस्क मरणपंथाला लागली आहे. (हा रकाना मुळात हेक्साडेसिमलमध्ये असतो, त्यामुळे तिथला ‘१०’ म्हणजे सोळा.) अशा डिस्कची क्लोनिंग, म्हणजे सगळं जसंच्या तसं नव्या ड्राइव्हवर उतरवणं, करायला सांगू नका. आधी फोटो, कागदपत्रं जेवढी निघतील तेवढी दुसरीकडे काढा, कारण क्लोनिंगमध्ये डिस्क सलग तास-दोन तास वाचली जाते आणि बऱ्याचदा तिथेच मान टाकते. सी७ ही ओळ वाढत असेल तर मात्र डिस्कचा दोष नसून तिला बोर्डाशी जोडणाऱ्या साटा केबलचा आहे. ती केबल बदलली की झालं. यापेक्षा स्वस्त दुरुस्ती कॉम्प्युटरमध्ये दुसरी नाही, आणि नेमकी तीच कुणी सुचवत नाही.

एसएसडीने नेमकं काय बदलतं

डब्यावर ‘५०० एमबी प्रति सेकंद’ वगैरे लिहिलेलं असतं. त्या आकड्याकडे फार बघू नका. लॅपटॉपची जुनी हार्ड डिस्क मिनिटाला ५४०० फेरे मारते, म्हणजे एका फेऱ्याला सुमारे ११ मिलिसेकंद. हवा तो तुकडा सुईखाली यायला सरासरी अर्धा फेरा, शिवाय सुई जागेवर सरकायला १२-१३ मिलिसेकंद. एक छोटी फाइल शोधायला असे १७-१८ मिलिसेकंद धरले तर सेकंदाला ५५-६० फाइली होतात. विंडोज सुरू होताना अशा हजारो छोट्या फाइली वाचल्या जातात. एसएसडीत फिरणारं काही नाही, तेच काम मिलिसेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास होतं. क्रिस्टलडिस्कमार्क (डिस्कचा वेग मोजणारं साधन) चालवला तर ‘४के, क्यू१’ या ओळीत हार्ड डिस्क १ एमबीच्याही खाली असते आणि साधी साटा एसएसडी २० ते ४० एमबी देते. रोजच्या वापरातला फरक तो हाच, सलग कॉपीचा वेग नव्हे.

म्हणूनच जुन्या बोर्डाच्या मालकांनी घाबरायचं कारण नाही. २०११ ते २०१३ च्या काळात असेंबल झालेल्या बऱ्याच डेस्कटॉपमध्ये एच६१ चिपसेट (मदरबोर्डवरची मुख्य चिप) आहे. त्याला साटा ३ ही जलद आवृत्ती नाहीच, जुनी साटा २ आहे, म्हणजे वेग २८० एमबीच्या आसपास थांबतो. तरीही लहान फाइलींचा फायदा जवळजवळ पूर्ण मिळतो. एच८१ बोर्डावर चार पोर्ट असतात, त्यातले दोनच साटा ३ चे. ते सहसा वेगळ्या रंगाचे असतात किंवा बोर्डावर शेजारी ‘६जी’ असं छापलेलं असतं. एसएसडी तिथेच लावली का, ते विचारा. घाईत मोकळा दिसेल त्या पोर्टात केबल खोचली जाते.

खर्च करू नये अशी मशीनंही आहेत. जी३१, जी४१ चिपसेटचे बोर्ड, डीडीआर२ रॅम, पेंटियम ड्युअल कोअर किंवा कोअर २ ड्युओ: इथे एसएसडी लावूनही आजचा ब्राउझर आणि यूट्यूब प्रोसेसरलाच झेपत नाही. बोर्डावरच ३२ किंवा ६४ जीबी ईएमएमसी (डिस्कच्या जागी असणारी साठवणीची चिप) सोल्डर केलेले स्वस्त लॅपटॉपही यातच, त्यात बदलण्यासारखं फारसं काही नसतं. दुसऱ्या-तिसऱ्या जेनच्या, म्हणजे पिढीच्या, इंटेल आय३ पासून पुढे पैसे वसूल होतात.

कोणती एसएसडी

‘२५६ ची टाकून देतो’ एवढ्यावर हो म्हणू नका, नाव आणि मॉडेल विचारा. साटा एसएसडीमध्ये दोन गोष्टींनी फरक पडतो. पहिली, डीरॅम कॅश आहे की नाही. कुठला डाटा कुठे ठेवला याचा नकाशा एसएसडीला सतत लागतो. स्वतःची डीरॅम असली तर तो तिथे राहतो, नसली तर तोही फ्लॅशमधूनच वाचावा लागतो. एनव्हीएमई (साटाऐवजी थेट बोर्डाच्या स्लॉटमध्ये बसणारी, अधिक जलद एसएसडी) ड्राइव्ह कॉम्प्युटरच्या रॅमचा थोडा तुकडा उसना घेऊ शकते, साटा ड्राइव्हला ती सोय नाही. दुसरी गोष्ट, फ्लॅश टीएलसी (एका पेशीत तीन बिट) आहे की क्यूएलसी (चार बिट). क्यूएलसीचा जलद राखीव भाग भरला की मोठी फाइल लिहिताना वेग हार्ड डिस्कइतका खाली येतो. लग्नाच्या व्हिडिओची १०० जीबीची फाइल एकदम टाकणाऱ्याला ते जाणवेल. ईमेल, टायपिंग आणि बँकेची साइट वापरणाऱ्याला कधीच नाही.

सॅमसंग ८७० ईव्हो आणि क्रुशल एमएक्स५०० या दोन्हींत डीरॅम आहे आणि पाच वर्षांची वॉरंटी आहे. ५०० जीबीला सॅमसंग ३०० टीबी लिखाणाची हमी देते, एमएक्स५०० ची १८० टीबी. क्रुशल बीएक्स५०० आणि किंग्स्टन ए४०० यांत डीरॅम नाही, वॉरंटी तीन वर्षांची, आणि २४० जीबीला दोन्हींची हमी ८० टीबीची. हा आकडा ऐकून बिचकू नका. घरगुती वापरात रोज १५ जीबी लिहिलं गेलं, आणि हे भरपूरच झालं, तर वर्षाला साडेपाच टीबी होतात. ८० टीबी संपायला चौदा वर्षं लागतील. घरची एसएसडी मरते ती लिहून लिहून नव्हे. कंट्रोलर जातो किंवा विजेचा झटका बसतो, म्हणून ती जाते.

माझं मत विचाराल तर फक्त घरकाम असलेल्या पीसीला बीएक्स५०० किंवा ए४०० पुरे. मुलांची प्रोजेक्टं, फोटो एडिटिंग, थोडंफार व्हिडिओ असेल तर ८७० ईव्हो. क्षमता २४० पेक्षा ४८० किंवा ५०० घ्या. एसएसडी ८०-८५ टक्क्यांच्या वर भरली की मंदावते, आणि विंडोज, अपडेट आणि व्हॉट्सॲपचे व्हिडिओ मिळून २४० जीबी लवकर भरतात.

क्रुशलबद्दल एक ताजी बाब. मायक्रॉनने डिसेंबर २०२५ मध्ये क्रुशल हा ग्राहकांसाठीचा ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं, दुकानांना माल फेब्रुवारी २०२६ अखेरपर्यंत देणार आणि विकलेल्या मालाची वॉरंटी पाळणार असंही सांगितलं. त्यामुळे शेल्फवर पडून असलेला डबा घ्यायला हरकत नाही, पण बिल जपून ठेवा. याच सुमारास एआयच्या डाटा सेंटरांनी मेमरी उचलायला सुरुवात केल्याने रॅम आणि एसएसडीचे भाव चढले. वर्षभरापूर्वी मित्राने सांगितलेला भाव धरून बसू नका. निघण्याआधी दोन दुकानांत फोन करा, आणि सांगितलेल्या किमतीत १८ टक्के जीएसटी धरला आहे का ते त्याच फोनवर विचारा.

कधी नाव न ऐकलेल्या कंपनीची ड्राइव्ह ‘सेम टू सेम आहे भाऊ’ म्हणून पुढे केली जाते. वरून ब्रँडेड दिसणारी वापरलेली ड्राइव्हही नवी म्हणून येऊ शकते. यावर उपाय सोपा आहे: काउंटरवरच क्रिस्टलडिस्कइन्फो उघडून ‘पॉवर ऑन अवर्स’ आणि ‘टोटल होस्ट राइट्स’ बघायचे. विंडोज टाकून झालेल्या नव्या ड्राइव्हवर एक-दोन तास आणि ३०-४० जीबी दिसायला हवेत. हजारो तास दिसले तर संवादच संपला. भलत्या स्वस्तात १-२ टीबी मिळत असेल तर एच२टेस्टडब्ल्यूने पूर्ण भरून तपासल्याशिवाय विश्वास ठेवू नका. खोट्या ड्राइव्ह विंडोजमध्ये आकडा बरोबर दाखवतात, पण खरी जागा भरली की जुन्या फाइली मिटवून त्यावर लिहितात.

लॅपटॉपच्या एम.२ स्लॉटबद्दल (पट्टीसारखी एसएसडी बसते ती खाच) एक सावधगिरी. २०१५ ते २०१७ च्या काही लॅपटॉपमध्ये एम.२ स्लॉट असतो पण तो फक्त साटा समजतो. त्यात एनव्हीएमई बसते, दिसत मात्र नाही. मॉडेलचं मॅन्युअल बघून घ्या. डेस्कटॉपला कार्ड लावून एनव्हीएमई देऊ म्हणत असतील तर एच६१, एच८१ च्या काळातले बोर्ड त्यावरून बूट होत नाहीत, हे लक्षात ठेवा. आणि घरकामात साटा व एनव्हीएमई यांतला फरक हाताला जाणवत नाही, त्यामुळे हट्ट सोडा.

लावताना

डेस्कटॉप असेल तर अख्खं कॅबिनेट बर्डीच्या पार्किंगमध्ये फिरवण्यापेक्षा मेट्रोने इंटरचेंजवर उतरून नुसती एसएसडी आणि साटा केबल घेऊन या. स्क्रू-ड्रायव्हर धरता येणाऱ्या माणसाला हे अर्ध्या तासाचं काम आहे. प्लग काढा, पॉवरचं बटण एकदा दाबून उरलेली वीज जाऊ द्या, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावा आणि मग आत. एसएसडीला २.५ ते ३.५ इंचाची पट्टी लावून दोन स्क्रू मारा. दुहेरी टेपने चिकटवलेली चालते, पण मे महिन्यात कॅबिनेटच्या आत तो डिंक सुटतो आणि ड्राइव्ह केबलवर लोंबकळते. एसएमपीएसला, म्हणजे पॉवर सप्लायला, साटाची पॉवर वायर नसेल आणि मोलेक्सचं (जुन्या चार पिनांच्या प्लगचं) कन्व्हर्टर लागणार असेल तर वायर दाबून बसवलेलं, म्हणजे क्रिम्प केलेलं घ्या. प्लास्टिकमध्ये ओतलेल्या कन्व्हर्टरमध्ये आतल्या तारा एकमेकींना टेकून जळाल्याची उदाहरणं जगभर आहेत.

लॅपटॉपमध्ये डीव्हीडीच्या जागी कॅडी (डीव्हीडी ड्राइव्हच्या मापाची चौकट) टाकून जुनी हार्ड डिस्क ठेवायची असेल तर डीव्हीडीची जाडी मोजा. कॅडी ९.५ आणि १२.७ मिलिमीटर अशा दोन मापांत येते. एसएसडी मूळ जागेवर आणि हार्ड डिस्क कॅडीत, उलट नको, कारण डीव्हीडीचा पोर्ट काही मॉडेलांत हळू असतो आणि तिथून बूटही होत नाही. खरं तर जुनी हार्ड डिस्क यूएसबी ३.० च्या डबीत घालून बाहेर ठेवणं बरं. बॅटरी वाचते आणि बॅकअपही होतो.

क्लोन की नवं विंडोज? दुकानाला नवं आवडतं, कारण ते पाऊण तासात होतं. क्लोनला वेळ लागतो: २५० जीबी डाटा असलेली डिस्क ८० एमबीच्या वेगाने वाचली तरी ५२ मिनिटं, प्रत्यक्षात दीड-दोन तास. सहा-सात वर्षांचा कचरा साठलेला असेल तर नवंच बरं. टॅली, श्री-लिपी, कृतिदेवचे फॉन्ट, डिजिटल सहीच्या टोकनचा ड्रायव्हर असलं काही जमवून ठेवलं असेल तर क्लोन. नवं टाकणार असाल तर डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि डाउनलोड्ससोबत फॉन्ट्स फोल्डर आणि टॅलीचा डाटा फोल्डर वेगळा काढा, टॅलीचा परवाना आधी सरेंडर करा, ब्राउझरचे पासवर्ड एक्स्पोर्ट करा. दुकानदार ‘डाटा काढून ठेवतो’ म्हणतो तेव्हा त्याच्या मनात डी ड्राइव्ह असते आणि तुमचा निम्मा डाटा सी वरच्या डेस्कटॉपवर असतो. भांडण इथेच होतं.

क्लोनआधी बिटलॉकर किंवा ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ (ड्राइव्हवरचा डाटा कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) बंद करा, किंवा निदान रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट खात्यातून लिहून घ्या. नाहीतर नवी ड्राइव्ह सुरू होताच ४८ आकडी की मागते आणि ती कुणाकडेच नसते. मॅक्रियम रिफ्लेक्टची फुकट आवृत्ती बंद झाली आहे. क्लोनझिला हे क्लोनिंगचं दुसरं साधन फुकट आहे पण कोरडं, काळ्या पडद्यावरचं. ते वापरताना कुठली डिस्क मूळ आणि कुठली नवी हे दोनदा वाचा. उलट दिशेने क्लोन केलं तर रिकामी ड्राइव्ह भरलेल्या ड्राइव्हवर उतरते, आणि त्याला परतीचा रस्ता नाही.

जुन्या डेस्कटॉपच्या बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) साटा मोड ‘आयडीई’ असेल तर तो ‘एएचसीआय’ करून घ्या, आणि तोही नवं विंडोज टाकण्याआधी. क्लोन करून नंतर बदलला तर विंडोज निळा पडदा दाखवतं. तसं झालंच तर मोड परत आयडीई करा, एमएसकॉन्फिगमधून सेफ बूट निवडा, रिस्टार्ट होताना बायोसमध्ये एएचसीआय करा, एकदा सेफ मोडमध्ये जाऊ द्या आणि मग सेफ बूटची खूण काढा. ड्रायव्हर आपसूक जागेवर येतो.

रॅम

चार जीबी असेल तर आठ करा, यात वाद नाही. आठ असेल आणि रोजच्या कामात मेमरी ७० टक्क्यांच्या खाली राहत असेल तर सोळाचे पैसे वाया. विंडोज ३२-बिट असेल तर चारच्या वर टाकलेली रॅम वापरातच येत नाही, हे दुकानात विसरलं जातं. टास्क मॅनेजरच्या मेमरी पानावर ‘स्लॉट्स यूज्ड’ दिसतं, तिथून मोकळी जागा कळते.

जुळवताना चूक होते ती व्होल्टेजची. लॅपटॉपच्या जुन्या पट्टीवर ‘पीसी३एल’ लिहिलेलं असेल तर ती १.३५ व्होल्टची डीडीआर३एल. तिच्या जागी १.५ व्होल्टची साधी ‘पीसी३’ दिली तर चौथ्या जेनपासूनचे लॅपटॉप बहुधा सुरूच होत नाहीत. साध्या ‘पीसी३’ च्या जागी ‘पीसी३एल’ मात्र सहसा चालते. डेस्कटॉपसाठी भलत्या स्वस्तात ८ जीबीची डीडीआर३ पट्टी मिळत असेल तर ती फक्त एएमडी बोर्डवर चालणारी तर नाही ना, ते विचारा. इंटेलच्या बोर्डवर ती बीप देऊन गप्प बसते. सारख्या मापाच्या दोन पट्ट्या लावल्या तर ड्युअल चॅनेल मिळतो, म्हणजे दोन्ही एकदम वापरल्या जातात. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या मशीनला त्याचा फायदा पडद्यावर दिसतो, कारण ग्राफिक्सही त्याच रॅमवर जगतं. लावल्यावर रात्रभर मेमटेस्ट८६ हे रॅम तपासणारं साधन चालवा. खराब पट्टी लगेच कळत नाही, महिनाभराने फाइली बिघडायला लागतात तेव्हा कळते.

विंडोज

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती ग्राहकांना वाढीव सुरक्षा अपडेटसाठी नाव नोंदवता येतं, ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या जेनचा किंवा पुढचा प्रोसेसर, टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि सिक्युअर बूट लागतं. चौथ्या-पाचव्या जेनवर ‘अकरा टाकून देतो, चालतं’ म्हणतात ते आडवाटेने टाकलेलं असतं. चालतं खरं, पण मोठी अपडेट अडतात आणि ती पुन्हा आडवाटेनेच घालावी लागतात. नुसता ब्राउझर वापरणाऱ्या घराला लिनक्स मिंट टाकायला सांगा. मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड त्यात आहे, जुन्या मशीनवर हलकं चालतं. मात्र टॅली किंवा डिजिटल सहीवाल्यांनी त्या वाटेला जाऊ नये.

परवान्याबद्दल: डिजिटल लायसन्स मदरबोर्डला बांधलेलं असतं, ड्राइव्ह बदलल्याने जात नाही. तीच आवृत्ती, होम असेल तर होमच, टाकली की नेट लागताच आपोआप ॲक्टिव्हेट होतं. ‘प्रो टाकून देतो, त्याच पैशात’ म्हणाले की सावध व्हा. सेटिंग्जमध्ये ॲक्टिव्हेशनचं पान उघडा. ‘डिजिटल लायसन्स’ असे शब्द हवेत. ‘तुमच्या संस्थेच्या ॲक्टिव्हेशन सर्व्हिसने’ अशा अर्थाचं वाक्य इंग्रजीत दिसलं, तर घरच्या कॉम्प्युटरला कुठली संस्था? ते क्रॅक आहे. आणि ते क्रॅक चालावं म्हणून डिफेंडरमध्ये अपवाद घालून ठेवलेले असतात, म्हणजे दार उघडं टाकून कुलूप लावल्यासारखं. त्याच मशीनवर तुम्ही नेट बँकिंग करणार.

नागपूरचा उन्हाळा

मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो तेव्हा एसी नसलेल्या खोलीत ४० अंशांची हवाच पंखा प्रोसेसरवर फेकतो. त्यात पाच वर्षांची धूळ हीटसिंकच्या पट्ट्यांत बसलेली आणि थर्मल पेस्ट वाळून खडू झालेली. इंटेलचे बरेच लॅपटॉप प्रोसेसर १०० अंशांजवळ पोहोचले की वेग पाडतात. हिवाळ्यात बरा चालणारा आणि एप्रिलपासून रडणारा लॅपटॉप असेल तर एसएसडीआधी हे बघा. एचडब्ल्यूइन्फो हे तापमान दाखवणारं साधन उघडा, दहा मिनिटं यूट्यूबवर मोठ्या रिझोल्यूशनचा व्हिडिओ आणि सोबत एक झिप फाइल बनवायला लावा. तापमान ९० च्या पुढे जाऊन वेग पडत असेल तर निदान झालं.

सफाईत ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवायचं. मोकळा पंखा ब्लोअरने भरधाव फिरला की बेअरिंग जातं. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून वाटाण्याएवढी नवी लावायची, बोटाने लिंपायची नाही. इंटेलच्या मूळ कूलरला चार खुंट्या असतात, त्या समोरासमोरच्या कोपऱ्यांतून दाबायच्या. चौथी नीट न बसलेली खुंटी हे या कामातलं नेहमीचं दुखणं, बोर्डच्या मागून बघितलं की कळतं. एएमडीचा कूलर सरळ उपटायचा नाही. मशीन थोडं गरम करून, कूलर हलका पिळून मग उचलायचा, नाहीतर वाळलेल्या पेस्टला चिकटून प्रोसेसर सॉकेटमधून पिनांसकट बाहेर येतो.

उन्हाळ्यातल्या पाण्याच्या कुलरच्या झोतात पीसी ठेवू नका. ओली हवा आणि धूळ मिळून हीटसिंकवर चिखलाचा थर बसतो, तो नुसत्या ब्लोअरने निघत नाही. कॉम्प्युटर टेबलाच्या बंद कप्प्यात कॅबिनेट कोंबलेलं असेल तर मागची फळी काढून टाका.

काउंटर सोडण्याआधी

मशीन तिथेच सुरू करायला सांगा. बायोसची वेळ बरोबर आहे का बघा. मागे पडत असेल तर सीआर२०३२ चा सेल संपला आहे, तो तिथेच बदलून घ्या, नाहीतर घरी वेबसाइटी सर्टिफिकेटच्या चुका दाखवतील. ‘डीफ्रॅगमेंट अँड ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्स’ उघडून नव्या ड्राइव्हपुढे ‘सॉलिड स्टेट ड्राइव्ह’ लिहून आलंय का ते पाहा. तसं असेल तर विंडोज तिला डीफ्रॅग न करता ट्रिम करतं, म्हणजे मोकळी झालेली जागा ड्राइव्हला कळवतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळी खूण नको. स्टार्टअप ॲप्सच्या यादीतून दुकानाने सप्रेम टाकलेले क्लीनर बंद करून ते काढून टाका. रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंग्जचा साठा) साफ केल्याने वेग वाढत नाही, आणि मायक्रोसॉफ्ट स्वतः असल्या साधनांना आधार देत नाही. दुसरा अँटीव्हायरसही काढा, विंडोजचा डिफेंडर घराला पुरतो.

बिलावर ड्राइव्ह आणि रॅमचं मॉडेल आणि सीरियल नंबर लिहून घ्या, ड्राइव्हच्या स्टिकरशी जुळवा, आणि वॉरंटी कंपनीच्या सेंटरला की दुकानातच, हे तोंडी नको, बिलावर हवं. जुनी हार्ड डिस्क परत मागा. ‘ठेवून घेतो, थोडे पैसे कमी करतो’ म्हणतील. तिच्यावर तुमचे आधार, पॅन, पासबुकचे स्कॅन आहेत, आणि नुसता क्विक फॉरमॅट मारलेल्या हार्ड डिस्कवरून ते फुकटच्या सॉफ्टवेअरनेही परत काढता येतात. द्यायचीच असेल तर आधी पूर्ण फॉरमॅट करून द्या. क्विकची खूण काढली की विंडोज सगळ्या डिस्कवर शून्यं लिहितं, ५०० जीबीला दोन तास धरा.